पंधरा थाउ आणि नऊचा हिशेब

एमजी म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांना हेक्टर आठवेल. २०१९ साली गुजरातमधल्या हलोलच्या कारखान्यातून निघालेली मोठी एसयूव्ही, आत बोलणारी स्क्रीन वगैरे. मलाही तेवढंच माहीत होतं. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ते गॅरेज इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डचं, आणि त्या गॅरेजच्या गाड्या जिथे बनायच्या ते ॲबिंग्डन मी भाड्याने राहतो तेच गाव, हे मला इथे येऊन वर्ष झाल्यावर कळलं. कळलं तेही शेजारच्या बाईंच्या गॅरेजमुळे.

बाई ऐंशीच्या पुढच्या. नवरा ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यात कामाला होता, कारखाना बंद होईपर्यंत. तो गेला २००९ मध्ये आणि त्याची गाडी तेव्हापासून गॅरेजमध्ये चादरीखाली उभी होती. १९७३ची एमजीबी, दोन सीटांची, कापडी छताची, गडद हिरवी. बाई आता घर विकून लहान फ्लॅटमध्ये जाणार होत्या. मार्चअखेरपर्यंत गॅरेज रिकामं करायचं होतं. एक गाडीवाला येऊन बघून गेला आणि त्याने ‘बंद गाडी’ म्हणून जो भाव सांगितला, तो त्यांनी मला कचऱ्याच्या डब्याशेजारी उभं राहून सांगितला. रकमेपेक्षा त्यांना ‘बंद’ हा शब्द लागला होता.

“तू इंजिनिअर आहेस ना?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो. मी सॉफ्टवेअरचा इंजिनिअर आहे, हे सांगायला हवं होतं. डिग्रीच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून चौकोनी करायचा प्रयत्न केला होता, तेवढाच माझा यंत्रांशी संबंध. पण हातात शनिवार-रविवार होते, बाहेर जानेवारीचा पाऊस होता, आणि गॅरेज कोरडं होतं.

चावी फिरवू नकोस

माझ्या डोक्यातली योजना सोपी होती. नवी बॅटरी लावायची, थोडं पेट्रोल टाकायचं, चावी फिरवायची. बंद पडलेला सर्व्हर रीस्टार्ट करतात तसं. कौतुक म्हणून मी उघड्या बॉनेटचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत तासगावहून व्हिडिओ कॉल आला. आबा होते. माझे आजोबा, वय एक्याऐंशी. तेहतीस वर्षं पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर. मला फोन करायचा तर आईला सांगतात. आज स्वतः लावला होता.

“आरं, हे तर आमचंच इंजन हाय,” ते म्हणाले.

मी हसलो. म्हटलं, “आबा, ही स्पोर्ट्स कार आहे. इंग्लंडची.”

“आसंल की. पण टॅपेट कव्हर बघ. डिस्ट्रिब्युटर बघ कुटं हाय. प्लग एका बाजूला, कार्बोरेटर दुसऱ्या बाजूला. आमच्याला कार्बोरेटर एकच हुता, हिला दोन हायत. बाकी काय फरक हाय सांग मला.” मग थोडं थांबून, “आणि चावी फिरवू नगंस. आजाबात.”

त्या रात्री मी वाचायला बसलो, आबांना खोटं ठरवायच्या उद्देशाने. आबा खोटे ठरले नाहीत.

एका इंजिनाची दोन घरं

१९५२ मध्ये ऑस्टिन आणि मॉरिसचा नफील्ड गट या इंग्लंडमधल्या दोन मोठ्या प्रतिस्पर्ध्यांचं लग्न लागलं आणि ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन ही कंपनी जन्मली. दोघांची मिळून इंजिनं फार झाली होती, म्हणून त्यांनी छाटणी केली. लहान गाड्यांना ए-सिरीज, मधल्यांना बी-सिरीज, मोठ्यांना सी-सिरीज. बी-सिरीज म्हणजे ओतीव लोखंडाचं, चार सिलिंडरचं, साधं, जड आणि दणकट इंजिन. त्यात नवलाचं काही नव्हतं, आणि हाच त्याचा गुण होता. फॅमिली गाड्या, व्हॅन, स्पोर्ट्स कार, सगळ्यांच्या बॉनेटखाली ते गेलं.

१९५५ साली ॲबिंग्डनने एमजीए ही स्पोर्ट्स कार काढली, तिच्यात १४८९ सीसीचं बी-सिरीज होतं. याच सुमारास कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात हिंदुस्तान मोटर्स मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या सिरीजचे साचे घेऊन एक गाडी बनवायच्या तयारीत होती. तिचं नाव ॲम्बॅसॅडर. पहिल्या ॲम्बॅसॅडरमध्ये जुन्या पद्धतीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं, पण १९५९च्या सुमारास ते गेलं आणि त्या जागी १४८९ सीसीचं बी-सिरीज आलं. म्हणजे ज्या कुळातलं इंजिन इंग्लंडमध्ये तरुण लोक रविवारी छत उघडून पळवत होते, त्याच कुळातलं इंजिन आपल्याकडे कलेक्टरसाहेबांना घेऊन धरणाच्या पाहणीला जात होतं.

एमजीबी आली १९६२ मध्ये. बी-सिरीज तेच, पण १७९८ सीसीपर्यंत फुगवलेलं, दोन एसयू कार्बुरेटर, कागदावर ९५ अश्वशक्ती. आबांच्या ॲम्बॅसॅडरची शक्ती साधारण निम्मी. पण फायरिंग ऑर्डर दोघींची एकच: एक, तीन, चार, दोन. टॅपेटचं अंतर दोघींचं एकच: पंधरा थाउ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश.

हे मी आबांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “पंधरा थाउ पुस्तकात दिलंय व्हय? मला वाटलं आमच्या फोरमननंच काढलं हुतं.”

झोपलेल्या गाडीला काय काय होतं

आपल्याला वाटतं उभी गाडी झिजत नाही. प्रत्यक्षात चालत्या गाडीला जे होत नाही ते उभ्या गाडीला होतं, आणि प्रत्येक गोष्टीला वेगळ्या कारणाने.

आधी पेट्रोल. टाकीत दहा-एक लिटर उरलं होतं. काढलं तर रंग चहासारखा आणि वास जुन्या वॉर्निशचा. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, उरलेले हवेशी संयोग पावून चिकट राळ तयार होते आणि ती कार्बुरेटरच्या बारीक भोकांत बसते. मी चावी फिरवली असती तर हे सगळं आत ओढलं गेलं असतं.

नवीन पेट्रोल टाकावं, तर तेही जुन्या गाडीच्या ओळखीचं नाही. ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शोधून काढलं की टेट्राएथिल लेड मिसळलं तर इंजिन ‘नॉक’ करत नाही. पुढची जवळपास ऐंशी वर्षं जगभरच्या रस्त्यांनी ते शिसं हवेत सोडलं. ब्रिटनने आणि भारताने ते २०००च्या सुरुवातीला थांबवलं. जगातला शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. मुलांच्या मेंदूच्या दृष्टीने ही फार चांगली बातमी होती. पण जुन्या लोखंडी हेडमध्ये शिशाचा थर व्हॉल्व्हच्या बैठकीला उशीसारखा उपयोगी पडायचा, तो गेला. शिसं गेलं आणि इथेनॉल आलं. २०२१ पासून ब्रिटनच्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याकडे आता २० टक्के. इथेनॉल पाणी धरतं आणि जुन्या रबराच्या नळ्या खराब करतं. म्हणून मी टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदलली. पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंपही अडकला होता; आतले कॉन्टॅक्ट चिकटतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोनदा हलकंच मारलं आणि तो टिकटिकायला लागला.

मग इंजिन. आबांनी सांगितलं तसं चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात चमचाभर पातळ तेल सोडलं आणि आठवडाभर काही केलं नाही. पंधरा वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल निथळून गेलेलं असतं. पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला धरतात. जोर केला तर रिंग तुटते.

“आता हँडल मार. हळू,” आबा पुढच्या शनिवारी म्हणाले. भारतात तेव्हा दुपारचे साडेतीन, ते झोपून उठलेले.

हिला हँडल नाही, मी म्हणालो.

“हँडल नाय?” त्यांना खरंच वाईट वाटलं. ॲम्बॅसॅडरला पुढून हँडल घालता यायचं. बॅटरी उतरली तर साहेब आत बसायचे आणि आबा हँडल मारायचे. “मग चौथ्या गिअरात टाक आणि ढकल.”

मी टाकलं आणि ढकललं. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा गाडी वीतभर सरकली आणि प्लगच्या भोकांतून एक ओला उसासा आला. इंजिन जाम नव्हतं.

क्लच मात्र होता. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटली होती, पेडल दाबून उपयोग नाही. त्याचं पुढे बघू, असं आबांनी ठरवलं.

नऊचा हिशेब

टॅपेट लावायच्या दिवसाबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे.

बी-सिरीजला आठ व्हॉल्व्ह. प्रत्येकाच्या दांड्यावर एक छोटी लोखंडी भुजा आपटते, तिला रॉकर म्हणतात. दांडा आणि रॉकर यांच्यात पंधरा थाउचं अंतर हवं. जास्त झालं तर टकटक आवाज, कमी झालं तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. अंतर मोजायचं तर तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असताना. पण तो पूर्ण मिटलाय हे कसं ओळखायचं?

मी फोनवर मॅन्युअलची पीडीएफ शोधत होतो. आबा म्हणाले, “नऊचा हिशेब कर.”

हिशेब असा. व्हॉल्व्हना पुढून मागे एक ते आठ नंबर द्या. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला लावा. सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसरा. चौथा असेल तेव्हा पाचवा. दोघांची बेरीज कायम नऊ. एक लक्षात ठेवला की दुसरा आपोआप मिळतो. पुस्तक नको, खुणा नकोत.

माझा धंदाच अशा गोष्टींचा आहे, त्यामुळे मी थक्क झालो. हा नियम इंग्रजी मेकॅनिकांतही ‘रूल ऑफ नाइन’ म्हणून प्रसिद्ध आहे, हे मला नंतर कळलं. ॲबिंग्डनच्या कामगारांना तो माहीत असणारच. पण आबांना इंग्रजी येत नाही. त्यांना तो सांगलीच्या वर्कशॉपमधल्या एका फोरमनने शिकवला, त्या फोरमनला कुणीतरी शिकवला असेल. कारखान्याचे करार, साचे, ड्रॉइंग जहाजाने आले, त्यांच्या नोंदी कुठेतरी असतील. हा नियम कुणाच्या तोंडून कुणाच्या कानात गेला, त्याची नोंद नाही.

मला लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. आबांना मी आयुष्यात असंख्य वेळा “जेवलात का?” विचारलं असेल. “तुम्ही दिवसभर काय काम करायचात?” हे एकदाही विचारलं नव्हतं. आमच्या घरात आबांची नोकरी म्हणजे ‘सरकारी होती म्हणून बाबांचं शिक्षण झालं’ एवढ्या एका वाक्यात संपायची.

त्या दिवशी आठही टॅपेट लागेपर्यंत तीन तास गेले. मध्ये आबा स्वतःहून बोलत होते. कोयनेच्या घाटात उतरताना इंजिनावर गाडी कशी धरायची. उन्हात पेट्रोलची नळी तापून वाफ धरली की तिच्यावर ओलं फडकं कसं गुंडाळायचं. साहेब बदलले की सीटचे पांढरे टॉवेल बदलायचे, गाडी तीच. निवृत्तीच्या आधी त्यांची गाडी लिलावात निघाली, भंगाराच्या भावाने. नंबर त्यांना अजून पाठ आहे. तो मी इथे लिहीत नाही. तो त्यांचा आहे.

ब्रेक

फेब्रुवारीच्या शेवटी गाडी सुरू झाली. आधी प्लग न लावता नुसता सेल्फ मारला, ऑइल प्रेशरचा काटा उठेपर्यंत. मग प्लग, नवे पॉइंट, ताजं पेट्रोल. दोनदा फुसकी, तिसऱ्यांदा पकडलं. गॅरेज धुराने भरलं. आबा स्क्रीनवर कान पुढे करून बसले होते. “तीन नंबरचा बघ,” एवढंच म्हणाले. तिसरा टॅपेट खरंच सैल राहिला होता.

क्लच सोडवला तो मागची चाकं स्टँडवर उचलून: इंजिन गरम करायचं, बंद करायचं, गाडी चौथ्यात टाकून सुरू करायची, क्लच पूर्ण दाबून ठेवायचा आणि ब्रेकला झटका द्यायचा. चौथ्या झटक्याला प्लेट सुटली.

मग मी घाई केली. ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरलं होतं. ते तेल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे बदलावंच लागतं. पण पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसत होत्या म्हणून तशाच ठेवल्या. बाईंच्या घरासमोरच्या उतारावर गाडी काढली, ब्रेक दाबला, गाडी थांबली. पाय काढला तरी डावं चाक सुटेना. गाडी गर्रकन डावीकडे वळली आणि कुंपणापासून हातभर अंतरावर उभी राहिली. त्या कुंपणापलीकडे पाच मिनिटांपूर्वी शेजारची मुलं खेळत होती.

कॅलिपरवरचा ब्लीड निपल सैल केला, थोडं तेल उडालं आणि चाक मोकळं झालं. निदान स्पष्ट होतं. नळी आतून सुजली होती. पायाच्या जोराने तेल पलीकडे जात होतं, पण परत यायला वाट नव्हती. द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक माल्कम लॉकहीड यांनी १९१७च्या सुमारास आणले. विमानांच्या लॉकहीड कंपनीच्या मुळाशी असलेल्या भावांपैकी हे एक. तेव्हापासून आजच्या हेक्टरपर्यंत तत्त्व तेच आहे आणि तेव्हापासून त्यातली कच्ची जागाही तीच आहे: जिथे चाक वळतं तिथे लोखंडी नळी चालत नाही, रबर लागतं. रबर आतून म्हातारं होतं.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक तपासणी सक्तीची नाही. म्हणजे कायद्याने मी ती गाडी तशीच रस्त्यावर नेऊ शकत होतो. मी नळ्या बदलल्या, टायर बदलले (त्यांच्यावरचा आकडा सांगत होता की ते २००३ सालचे आहेत), आणि पैसे भरून तपासणी करून घेतली. आबांना कुंपणाचं सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. म्हणाले, “इंजन चालू झालं की माणूस येडा हुतो. आधी थांबायचं बघावं, मग पळायचं.”

सिमेट्री रोड

ॲबिंग्डनचा कारखाना १९२९ मध्ये एका चामड्याच्या कारखान्याच्या जागेत सुरू झाला. तो उभा करणारे सेसिल किम्बर मॉरिस यांच्या ऑक्सफर्डमधल्या गॅरेजचे मॅनेजर होते. साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या बॉडी चढवून विकता विकता त्यांनी एमजी घडवली. सप्टेंबर १९७९ मध्ये गावाने कारखान्याची पन्नाशी साजरी केली, बँड, मिरवणूक, सगळं. सोहळा संपल्यावरच्या सोमवारी, १० सप्टेंबरला, तेव्हाची मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने जाहीर केलं की ॲबिंग्डन बंद होणार. एमजीबीचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका होतं, पौंड महागला होता आणि नवी गाडी काढायला वर्षानुवर्षं पैसाच दिला गेला नव्हता. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी निघाली. एकूण पाच लाखांहून जास्त बनल्या होत्या.

उत्तरपाड्यात मात्र बी-सिरीज चालू राहिलं. १९८०च्या सुमारास ॲम्बॅसॅडरला त्याच कुळातलं १४८९ सीसीचं डिझेल इंजिनही मिळालं. ॲम्बॅसॅडरचं उत्पादन थांबलं मे २०१४ मध्ये. जन्मगावाने सोडून दिलेलं कूळ हुगळीच्या काठाने आणखी कितीतरी वर्षं सांभाळलं. त्याचं कारण निव्वळ प्रेम नव्हतं, हेही खरं. आपल्याकडे परवाने मोजके, आयात बंद, गिऱ्हाइकाला पर्याय नाही. कंपनीला बदलायची गरज वाटली नाही. पण आबांसारख्या हजारो लोकांच्या हातात ते इंजिन त्यामुळेच एवढं मुरलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी बाईंना शेजारी बसवून गाडी सिमेट्री रोडवर नेली, कारखान्याच्या जुन्या दारापर्यंत. आता तिथे एमजी क्लबचं ऑफिस आहे, आजूबाजूला घरं आणि व्यवसाय. त्या पाच मिनिटं बघत बसल्या. रडतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “हिचा हीटर कधीच चालला नाही. मी त्याला तीस वर्षं सांगत होते.”

गाडी चालत्या गाडीच्या भावाने गेली, नॉटिंगहॅमकडच्या एका शिक्षिकेला. देताना मी तिला कागदावर नऊचा हिशेब लिहून दिला. तिला तो आधीच माहीत होता. तिच्या वडिलांनी शिकवला होता.

आता शनिवारी दुपारी साडेतीनला आबांचा फोन येतो. दुरुस्त करायला गाडी नाही, म्हणून मी नुसतं विचारतो आणि रेकॉर्ड करतो. गेल्या आठवड्यात हँडल मारताना अंगठा कुठे ठेवायचा हे सांगत होते. बाकीच्या चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती गुंडाळायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. त्यांचा उजवा अंगठा जरा वाकडा का आहे, ते मला तेव्हा कळलं.